दार नसलेली केबिन

मोठे साहेब नेतृत्वाच्या शिबिरातून परतले आणि सुताराला बोलावून त्यांनी आपल्या केबिनचं दारच काढून टाकलं. "आपण एक कुटुंब आहोत. कुटुंबात आडपडदा कशाला?" आम्ही टाळ्या वाजवल्या.

साहेबांचा खासगी आवाजही भाषणाच्याच पट्टीतला आहे, हे शिबिरवाल्यांना कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मूळव्याधीची प्रगती सगळ्या मजल्याला कळली. मग हिशेबनीस काकांनी तोडगा काढला. साहेब खासगीत शिरले की काका खोकायचे, पाठोपाठ आम्ही खोकायचो. खोकल्यात कुणाला काही ऐकू येत नसे आणि सभ्यता टिकत असे.

आमची कंपनी पंख्यांची. पात्यांची रचना ताई करायच्या आणि त्यांचं टेबल केबिनला अगदी खेटून होतं. विभागप्रमुखाची रिकामी खुर्ची साहेबांनी त्यांना कबूल केली होती. त्या शब्दावर ताईंनी दुसऱ्या कंपनीला होकार कळवायचं लांबवलं होतं आणि ती कंपनी आज संध्याकाळपर्यंतच थांबणार होती.

दुपारी साहेबांचा फोन वाजला.

"बोला जावईबापू! खुर्ची तुमचीच हो..."

काकांनी घसा खाकरला. आम्हीही छाती भरून घेतली.

"काका, थांबा," ताई म्हणाल्या. "मला ऐकू द्या."

काकांनी खोकला गिळला, पाठोपाठ आम्हीही.

"...ताई? त्या कुठे जातायत! त्यांना 'तुमच्यावाचून पान हलत नाही' म्हटलं की वर्षभर बघायला नको."

ताईंनी शांतपणे त्या दुसऱ्या कंपनीला फोन लावला. "हो, नक्की. एक तारखेपासून येते."

साहेब लगबगीने बाहेर आले. "ताई, अहो, गैरसमज होतोय. आपण कुटुंब..."

"म्हणूनच तर, साहेब. जावयाच्या पानात मी कशाला हात घालू?"

काकांना खरोखरचा ठसका लागला. कुणीतरी त्यांना पाणी दिलं. साहेब परत आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

तेवढ्यात ताईंच्या नवऱ्याचा फोन आला. सकाळपासूनचा चौथा.

"काय ठरलं गं?"

"सुटले रे."

"रडतेस की काय?"

ताईंनी जरा विचार केला.

"नाही. भूक लागलीय. केव्हाची लागली असणार, आत्ता कळतंय."

आणि त्यांनी डबा उघडला.