जांभळ्या टोपणाची ट्यूब

"बोल गं तू, हिला काय कळतंय," असं धाकट्या बहिणीला म्हणत मुलीने डावी बाही वर सरकवली आणि हात उशीवर ठेवला.

सुधाने दंडाला रबरी पट्टा बांधला. दंड इतका बारीक की पट्टा नेहमीपेक्षा बराच जास्त ओढावा लागला. ती वाकलेलीच राहिली, कारण वर पाहिलं असतं तर चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असतं. आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, तिच्यासमोर कुणी मराठी बोललं नव्हतं.

मुलींचं काही चुकत नव्हतं. पांढऱ्या कोटावर 'एस. घोष' लिहिलेलं होतं. घोष हे सासरचं नाव, आणि तीस वर्षांत ते सुधाच्या अंगाला कोटासारखंच बसलं होतं. कोलकात्यातली मराठी घरं चारचौघांत मराठीचा असाच उपयोग करतात. मासळीवाला चढा भाव सांगू लागला, बसमध्ये शेजारणीने नको ते विचारलं, की त्यांच्या देखत मराठीत बोलून घ्यायचं. सुधाही लहानपणी बागबाजारात आईचं बोट धरून असंच बोलत हिंडली होती.

"ताई, मला डर लागतंय," धाकटी म्हणाली. ती शाळेच्या गणवेशात होती, नववीतली असावी.

"ईशा, रडू नकोस हं इथे. बालीगंजला कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं म्हणून दोन-दोन गाड्या बदलून बराकपूरला आलोय ना? इथे कोण ओळखतंय आपल्याला."

फॉर्मवर नाव होतं रिया सेन, वय एकवीस. डॉक्टरांच्या रकान्यात कुणाचंच नाव नव्हतं, 'स्वतः' एवढंच लिहिलं होतं. तपासणी एकच होती, दिवस राहिलेत की नाहीत याची. मोठी एकवीसची नव्हती. पुढच्या दोन मिनिटांत सुधाला कळलं की तिचं नाव मुग्धा, ती अठराची आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तीन महिने पाळी आलेली नाही. क्षितिज नावाच्या मुलाने कुठल्याशा दुकानातून चिठ्ठीशिवाय गर्भपाताच्या पाच गोळ्या आणून दिल्या आहेत आणि त्या ईशाच्या कंपासपेटीत आहेत.

"रिपोर्टमध्ये नाही आलं, तर नाही ना घ्यायच्या?" ईशाने विचारलं.

"तरी घ्यायच्या. तीन महिन्यांचं सगळं आत अडकून राहिलंय, ते बाहेर तर यायला पाहिजे. आई सातला येते. तोवर होऊन जाईल."

सुधाने सुई टोचली. ट्यूबमध्ये उतरणारं रक्त तिने निरखून पाहिलं. ते फार फिकं होतं. मुलीची नखं पांढुरकी होती, मधोमध चमच्यासारखी खोलगट झालेली. पिवळ्या टोपणाची ट्यूब भरली. फॉर्मप्रमाणे तेवढीच भरायची होती. सुधाने ट्रेमधून जांभळ्या टोपणाची दुसरी, रक्तपेशी मोजायची, उचलली आणि सुईला लावली.

"दोन कशाला घेतेय ही?" मुग्धाने बहिणीला विचारलं, आणि मग तोच प्रश्न बंगालीत सुधाला केला.

लागतं, सुधाने बंगालीत सांगितलं. नोकरीत ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती.

दोघींना दोन वाजता यायला सांगून ती आत गेली. जांभळी ट्यूब यंत्राला लावली. हिमोग्लोबिन पाच पूर्णांक नऊ आलं. ट्यूब हलवून तिने पुन्हा लावली. पाच पूर्णांक नऊ. मग काचपट्टीवर थेंब पसरून, रंगवून, ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसली. पेशी मोजताना ती मनात मराठीतच मोजायची. बंगालीत आकडे तिला उशिरा सुचत. आज ती सदतिसावर दोनदा चुकली. लाल पेशी लहान, मधून पोकळ, रिकाम्या वाट्यांसारख्या दिसत होत्या.

फॉर्मवर मागितलेली तपासणी व्हायला तास गेला. दिवस राहिलेले नव्हते. तीन महिन्यांनंतर यात शंकेला जागा नव्हती. पाळी का थांबली याची कारणं अनेक असू शकतात, उपासमार त्यातलंच एक, पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम. सुधाला खात्रीने माहीत होतं ते एवढंच, की त्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो आणि या शरीरात सांडायला रक्त नाही.

लॅब सांभाळणाऱ्या हेमंतदांना तिने कागद दाखवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी आकडा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, हे कुणी मागितलं होतं? कुणी नाही, ती म्हणाली. सातच्या खालचा आकडा आला की ताबडतोब डॉक्टरांना फोन करायचा हा लॅबचा नियम, पण इथे डॉक्टर नाही आणि न मागितलेल्या तपासणीचा आकडा कागदोपत्री धरताही येत नाही. रिपोर्टचं पाकीट द्या, डॉक्टरांना दाखवायला सांगा, बाकी आपलं काम नाही, असं म्हणून ते जेवायला गेले.

हे वाक्य सुधाने तीस वर्षं रोज म्हटलं होतं. माणसं पाकीट हातात घेऊन तिच्या डोळ्यांत बघत, काही वाईट आहे का विचारत, आणि ती म्हणे, डॉक्टरांना दाखवा. यामागे शिस्त होती. आपल्याला जेवढं माहीत आहे त्याच्यापुढे जायचं नाही. आज पहिल्यांदा तिला वाटलं, की त्या शिस्तीत थोडी भीतीही मिसळलेली असणार. किती, ते मोजायला यंत्र नव्हतं.

दोन वाजता त्या आल्या. मुग्धाने उभ्यानेच पाकीट फोडलं, वाचलं, आणि बाकावर बसून तोंडावर हात दाबून हसायला लागली. ईशाने विचारलं, मग फेकूया ना गोळ्या?

"वेडी आहेस? मग तीन महिने झालंय काय मला? घरी गेल्या गेल्या घेऊन टाकते."

डॉक्टरांना दाखवा, सुधाने काउंटरमागून बंगालीत सांगितलं. मुग्धाने मान हलवली, जशी सगळेच हलवतात, आणि दाराकडे वळली.

"मुग्धा, थांब," सुधा मराठीत म्हणाली. "त्या गोळ्या घेऊ नकोस."

दोघी जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुग्धाचा चेहरा मुळातच पांढरा होता, तो आणखी पांढरा होताना सुधाने पाहिला.

"तुम्ही सगळं ऐकलंत."

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मुकाट्याने ऐकत बसलात?"

"भ्याले," सुधा म्हणाली. "बोलले असते तर तुम्ही उठून गेला असतात."

मुग्धाने बहिणीचा दंड धरला. चल इथून, ही आईला सांगेल, सगळ्या मराठी मंडळात होईल, असं काहीबाही ती भरभर बोलत होती. ईशा हलली नाही.

"मी तुला न विचारता जास्तीची ट्यूब घेतली," सुधा म्हणाली. "ते चूक होतं. तुझं हिमोग्लोबिन बारा असायला हवं. ते सहासुद्धा नाही."

आकड्याने मुग्धा थांबली. जिना चढताना दम लागतो ना, सुधाने विचारलं. कानात धडधड ऐकू येते? उत्तर ईशाने दिलं. ताई दिवसभरात मूठभर मुडी, म्हणजे कुरमुरे, आणि काळी कॉफी घेते, चार महिने झाले.

सुधाने समजावून सांगायला सुरुवात केली आणि ती अडली. हा सगळा विषय ती इंग्रजीत शिकली होती आणि बंगालीत रोज बोलत होती. मराठीत तिच्याकडे आमटीचे शब्द होते, पाढे होते, आरत्या होत्या. या बाबतीत आईने तिला आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, कावळा शिवलाय, चार दिवस देवाकडे जाऊ नकोस. तेवढ्या शिदोरीवर पुढचं सांगता येईना. शेवटी तिने एक कोरा फॉर्म उलटा केला आणि चित्र काढलं. अस्तर कसं तयार होतं, कधी गळतं, आणि शरीराची उपासमार झाली की ते तयार होणंच कसं थांबू शकतं.

"म्हणजे आत काही साठलेलं नसतं?" मुग्धाने हळूच विचारलं.

"नाही. बाहेर यायला काही नाहीच."

"हे आमच्या बुकात आहे," ईशा चित्रावर वाकून म्हणाली. "मिस बोलल्या, हा चॅप्टर घरी वाचा."

"मग वाचलास?" सुधाने विचारलं.

"घरी आई असते ना."

मुग्धाला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली.

आजच इस्पितळात जायला हवं होतं, कदाचित रक्त चढवायला हवं होतं. म्हणजे आईला सांगणं आलं. मुग्धाने नंबर लावला आणि फोन सुधाच्या हातात दिला. तुम्हीच सांगा, मराठीत सांगा, म्हणजे तिला पटेल.

सुधाने नकारार्थी मान हलवली. "मराठीत बोलले की त्या विचारणार, कुठल्या तुम्ही, माहेरचं आडनाव काय. उद्या मी त्यांच्या ओळखीची होईन. मग माझ्यासमोर तुला त्यांच्याशी बोलता येणार नाही, आणि त्यांना तुझ्याशी. मी फक्त रक्ताचं सांगते. बाकीचं तुझं आहे. सांगायचं की नाही, कधी, ते तू ठरव."

ती हिंदीत बोलली, लॅबमधला नेहमीचा फोन असल्यासारखी, आकडा सांगितला, पत्ता सांगितला. ती फोनवर असतानाच ईशाने कंपासपेटी उघडली आणि गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवली. मुग्धाने ते पाहिलं, पण अडवलं नाही. सुधाने पट्टी उचलून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली.

साडेचारला त्यांची आई आली. स्मिता नाव, ऑफिसातून तशीच निघालेली, पर्सची चेन उघडीच. तिने सुधाला हिंदीत चार प्रश्न विचारले, सुधाने हिंदीत चार उत्तरं दिली. मग ती बाकावर मुलीजवळ बसली आणि मराठीत बोलू लागली.

"परवाच मी तुला म्हटलं, किती छान बारीक झालीस म्हणून. मीच म्हटलं." तिने मुलीची नखं एकेक करून पाहिली. "अजून काही आहे का, मुगू? असेल तर इथेच सांग. घरी बाबांसमोर नाही व्हायचं."

मुग्धाने काउंटरकडे पाहिलं. सुधाने काचपट्ट्यांचा डबा पुढे ओढला, मऊ कापड घेतलं आणि खाली मान घालून एक पट्टी पुसू लागली.

मुग्धाने सांगितलं. आधी अडखळत, मग सलग. क्षितिजचं, तीन महिन्यांचं, गोळ्यांचं. सुधापर्यंत प्रत्येक शब्द पोचत होता. एका ठिकाणी मुलीला शब्द सापडेना आणि तो सुधाच्या जिभेवर आला, पण तिने तो गिळला. आई पर्समधून बाटली काढून म्हणाली, "पाणी पी आधी."

निघताना स्मिता हात जोडून हिंदीत म्हणाली, मिसेस घोष, तुमचे उपकार कसे फेडू. ईशाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सुधाने नको म्हणून अगदी थोडी मान हलवली. मग तिने हिंदीतच रस्ता समजावला, डावीकडे वळा, रिक्षा घ्या, तातडीच्या विभागात हा कागद दाखवा.

तिघी गेल्या. दारातून त्यांचं मराठी थोडा वेळ ऐकू येत राहिलं, मग रस्त्याच्या आवाजात मिसळलं. सुधाने पुढची पट्टी उचलून उजेडात धरली. स्वच्छ होती. तरी तिने ती पुन्हा पुसली.