कठड्याचं माप

आमच्या शहरावर आमच्याइतकं प्रेम जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणी आपल्या शहरावर केलेलं नाही. हे प्रेम सर्वांत भरभरून व्यक्त करतात ते वीस वर्षांपूर्वी शहर सोडून गेलेले लोक. आम्ही मागे राहिलेले जरा कमी बोलतो, कारण आम्हाला पाणी भरायचं असतं.

नगरपालिकेला शंभर वर्षं झाली तेव्हा मात्र एका नागरिकाला ‘नगरभूषण’ करायचं ठरलं. निवडीवरून भांडणं नकोत म्हणून निकष सोपा ठेवला: नगरपालिकेला सर्वाधिक पत्रं लिहिणारा नागरिक. आवक विभागाने रजिस्टर काढलं. पहिले आले टेलरकाका, अकरा वर्षांत एकशे त्रेचाळीस पत्रं. दुसऱ्या नंबरवर चौदा पत्रं होती, आणि तो गृहस्थ वारला होता.

पत्रांत काय लिहिलंय ते कोणी पाहिलं नव्हतं. यात हलगर्जी नव्हती, पद्धत होती. आवक कारकुनाने शिक्का मारून नंबर टाकायचा आणि पाकीट संबंधित खात्याने उघडायचं. संबंधित खातं कोणतं, हे पाकीट उघडल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे सगळी पत्रं तारखेप्रमाणे सुतळीने बांधून अगदी देखणी ठेवलेली होती.

एकशे त्रेचाळीस पत्रांत मागणी एकच होती. नदीवरच्या पायी पुलाचा कठडा मधोमध तुटला आहे, तो बसवून द्यावा. त्या जागी त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, पाय घसरला होता. उरलेला गज हाताला लागला म्हणून वाचल्या, चप्पल नदीला गेली. तेव्हापासून काकूंनी पुलावर पाऊल टाकलं नाही. पलीकडच्या गावात त्यांची धाकटी बहीण दिलेली. दोघी रोज संध्याकाळी आपापल्या काठावर उभ्या राहून फोनवर बोलायच्या, आणि फोनवर ‘ठेवते’ म्हणून झालं की हात हलवायच्या. गेल्या महिन्यात धाकटी न्हाणीघरात पडली, कंबरेचं हाड मोडलं. पलीकडचा काठ रिकामा झाला. गाडीरस्त्याने जायचं तर दोन बस बदलून अडीच तास, आणि काकूंना बस लागते.

जनसंपर्क अधिकारी बाई टाइप केलेलं भाषण घेऊन दुकानात आल्या तेव्हा काका एका पँटची कंबर उसवत होते.

“काका, तुमचं शहरावर एवढं प्रेम आहे, आम्हाला पत्ताच नव्हता.”

“पत्ता होता की. प्रत्येक पाकिटावर मागे लिहिलाय.”

बाई हसल्या. काकांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि भाषण वाचलं. त्यात शहराच्या रुंद रस्त्यांचा, प्रसन्न उद्यानांचा आणि दिमाखदार पुलाचा उल्लेख होता.

“हे माझ्या मापाचं नाही,” काका म्हणाले.

“मोठं झालंय का? कमी करू.”

“लांबीचं काही नाही. दुसऱ्याच्या अंगावर बेतलंय.”

“समारंभ आहे काका, दोन मिनिटं वाचून टाकायचं. नगराध्यक्षसाहेब स्वतः बसणार आहेत.”

“बसू देत. त्यांना उभं कोण करतंय?”

बाई गेल्यावर आतून काकू आल्या. काकांना वाटलं, ‘चारचौघांत शोभा करू नका’ असं आता ऐकावं लागणार.

“अकरा वर्षं पाकिटं चिकटवलीत,” काकू म्हणाल्या. “आता आयता माइक देतायत, तर तिथेही पाकीटच चिकटवून येणार?”

सभागृह भरलं होतं. व्यासपीठामागे पुलाचा भलामोठा फोटो होता, तुटलेली बाजू दिसणार नाही अशा बेताने काढलेला. काकांना मानपत्र दिलं, फोटो झाले. काकांनी टाइप केलेला कागद खिशात घातला आणि त्याच खिशातून टेप काढली.

“हा पूल मला फार आवडतो,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. “त्याच्या कठड्याला चव्वेचाळीस इंचांचं भगदाड आहे. पहिल्या पत्रात तीस लिहिलं होतं. दर सहा महिन्यांनी मोजतो. वाढतं अंग आहे.”

टाळ्या थांबल्या. नगराध्यक्ष माइककडे वाकून म्हणाले, “काका, आजच्या शुभदिवशी हा विषय कशाला?”

“साहेब, बाकीच्या एकशे त्रेचाळीस दिवशी लिहिलंच होतं. ते दिवस तुम्हाला चालले नाहीत.”

मागून कोणीतरी ओरडला, “एवढं वाईट आहे शहर, तर सोडून जा ना.”

“जायचं तर पुलावरूनच जावं लागेल,” काका म्हणाले. “तेवढा कठडा बसवा, मग विचार करतो.”

माइक बंद झाला. काकांना फरक पडला नाही. चाळीस वर्षं शिलाई मशीनच्या आवाजावर बोललेला माणूस तो.

“मी शिवलेला कोट मला आवडतो, म्हणून तर बगलेत उसवलाय ते आधी मी सांगणार. गिऱ्हाईक सांगेपर्यंत थांबतो त्याला प्रेम म्हणत नाहीत, दुकानदारी म्हणतात. तारीख सांगा. तोवर मी इथून हलत नाही.”

“राष्ट्रगीत घ्या,” नगराध्यक्ष सूत्रसंचालकाला हळूच म्हणाले. राष्ट्रगीत झालं. काका ताठ उभे राहिले, आणि संपल्यावर तिथेच उभे राहिले.

तिसऱ्या रांगेतून दूधवाला उठला. “चव्वेचाळीस नाही काका, जास्त असेल. माझा कॅन गेलाय तिथून.” त्यावर दोघातिघांनी आपापली मापं सांगितली. दहा मिनिटांपूर्वी काकांना शहराचे शत्रू ठरवणारे आता भगदाड इंचभरही कमी मानायला तयार नव्हते. आपल्याकडचं भगदाडही इतरांपेक्षा मोठंच असलं पाहिजे. शेवटी नगराध्यक्षांनी अभियंत्याला उठवलं आणि सोमवारी कागद काढून काम सुरू करतो, असं सर्वांदेखत वदवून घेतलं. तेव्हा काका उतरले.

बाहेर ऊन उतरायला आलं होतं. काकू घराच्या दिशेने न वळता नदीकडे चालू लागल्या.

“अगं, सोमवारी करणार आहेत,” काका म्हणाले.

“सोमवारी तुम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवा. मी आज रागात आहे, तेवढ्यात जाऊन येते.”

काका भगदाडाच्या बाजूने चालले, काकू आतल्या बाजूने, नवऱ्याचा दंड घट्ट धरून. मधोमध आल्यावर काकू क्षणभर थांबल्या, खाली पाणी बघितलं, नगरपालिकेचं नाव घेऊन दोन शब्द बोलल्या आणि पुढे झाल्या. धाकटी पलंगावर उशीला टेकून बसली होती. मोठीला दारात बघून तिने सवयीने आधी हात हलवला.

सोमवारी अभियंत्याने खरोखर कागद काढले. सगळं खातं नकाशांच्या खोलीत दुपारपर्यंत बसलं. पूल आमच्या हद्दीत नव्हता. तो पलीकडच्या गावाने बांधला होता. आमच्या शहराने त्याचं फक्त उद्घाटन केलं होतं.