दोन्ही बाह्या डाव्या

मावशीने कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या आणि कारखान्यात बोंबाबोंब झाली. कापड एकेरी अंथरलं, की दुसऱ्या बाहीसाठी कागदी नमुना पालथा घालायचा असतो. तेवढंच राहून गेलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा! पण लोकांना काय, निमित्तच हवं असतं.

मालक म्हणजे तिचा सख्खा भाचा. सगळ्या शिवणाऱ्यांदेखत त्याने तिच्या टेबलावर गोळ्यांची बाटली ठेवली.

"बी-वन जीवनसत्त्वापासून केलेली आहे, मावशी. थकवा जातो, स्मरणशक्ती सुधारते म्हणे. महिनाभर घे."

"म्हणे? कोण म्हणे?"

"औषधवाला. आणि घेणार नसशील तर सोमवारपासून कात्री दुसऱ्याच्या हातात देतो. मग माझ्यावर रुसू नकोस."

मावशीने टेबलावरच्या कात्रीकडे पाहिलं. कात्री गेली तर उरणार काय, बटणं लावणं? पण रडेल ती मावशी कसली! तिने चष्मा लावून बाटलीवरचं बारीक अक्षर सावकाश वाचलं आणि बाटली त्याच्याकडे सरकवली.

"चूक माझी. कापड वाया गेलं, तेही माझ्यामुळे. पण मी विसरत नाही रे, मी दमलेय. या टेबलाशी आम्ही दोघी होतो. दुसरीला तू काढून टाकलंस. तिच्या जागी कोणाला आणलंस?"

"बघतोय ना..."

"आठ महिने बघतोयस! माझ्यात जीवनसत्त्व कमी नाही, या खोलीत माणूस कमी आहे. स्मरणशक्ती बघायचीय? त्या उंच वकिलाची छाती बेचाळीस, उजवा खांदा अर्धा इंच उतरता. बँकवालीची कंबर एकतीस. तुझी गेल्या वर्षी चौतीस होती, आता अडतीस. बसून बसून."

मशिनं थांबली. कोणीतरी फिस्सकन हसलं. भाच्याने पोट आत घेतलं.

"म्हणजे गोळी घेणार नाहीस?"

"डॉक्टरने तपासून दिली तर घेईन. तुझ्या सांगण्यावरून मुळीच नाही. आणि आजपासून मी एकीचंच काम करणार."

पाच वाजले. नव्या कोटाची पाठ कापून झाली होती, पुढचे भाग नुसते खडूने आखून पडले होते आणि गिऱ्हाईक सकाळी यायचं होतं. मावशीने चपला घातल्या नि सरळ घर गाठलं. भाचा हातात कात्री घेऊन बराच वेळ टेबलाशी उभा राहिला. कापडाला पहिला काप द्यायची काही त्याची छाती होईना. शेवटी त्याने कात्री ठेवली, काढून टाकलेल्या त्या दुसरीला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला 'ताई' म्हणाला.