चार बटणांचा बांध

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. शर्टाचे, चार भोकांचे, कडेला टवका उडालेले. शिंपल्यातून कापून मला घासले तेव्हा माझी भावंडे माझ्यासोबत एकाच पुठ्ठ्यावर टाचलेली होती. पुढे एका पोस्टमनच्या शर्टावर, गळ्याखाली दुसऱ्या जागी, मी सहा वर्षे काढली. "हे बटण कधी दगा देत नाही," असे तो म्हणे. मग इस्त्रीखाली टवका उडाला आणि शिंप्याच्या दुकानातल्या पत्र्याच्या डबीत माझी रवानगी झाली. तिथे मला कुणी विचारत नसे.

ते दुकान बहीणभावाचे. ताई कापड कापायची, धाकटा शिवायचा. आईच्या माघारी ताईनेच त्याला वाढवले, काजे करायला शिकवले. रविवारी दुपारी कापायच्या टेबलावर पोकर हा पत्त्यांचा खेळ रंगे आणि पैशांऐवजी आम्हा बटणांवर खेळ चाले. कोटाच्या एका बटणाला आम्ही दहाजण लागायचो, त्यामुळे माझी किंमत तुम्हाला कळलीच असेल.

एकदा ताईने एका कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या. नजर अधू झाली होती.

"ताई, कापायला आपण माणूस ठेवू," धाकटा म्हणाला.

"तू गेल्या साली खिशाचं तोंडच शिवून टाकलंस. तेव्हा तुझी सुई काढून घेतली का मी?"

आठवडाभर हेच. शेवटी धाकट्याची बायको म्हणाली, "रविवारी ज्याची बटणं संपतील त्याने दुसऱ्याचं ऐकायचं. पत्ते मी वाटते. माझे कान तरी सुटतील."

रविवारी ताईचा ढीग उतरत उतरत तीस बटणांवर आला. डावातले शेवटचे पान उघडले. टेबलावर दोघांच्या सामाईक पानांत बदामाची तीन, ताईच्या हातात नव्व्यांची जोडी. धड वाईट नाही, धड चांगली नाही. त्यात आधी बटणे लावायची पाळी तिची, नंतर धाकट्याची. धाकट्याची खोड तिला ठाऊक होती. समोरच्याने काही न लावता पाळी सोडली की तो मूठभर बटणे पुढे लोटायचा. मग पाने टाकावीत तर जिंकता डाव सोडल्याची चुटपुट, धरावीत तर ढिगासकट कात्री जाण्याची भीती.

ताईने पाळी सोडली नाही. तिने चार बटणे मोजून पुढे सरकवली. सर्वांत वर मी होते.

"एवढीच?" धाकटा म्हणाला.

"जास्त हवीत तर तू लाव."

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. टेबलावरची धरून ताईकडे बदामाची पाच पाने जमली असतील, तर मूठभर लावलेली सगळीच बुडायची. त्याने तेवढीच चार बटणे टाकली आणि पाने उलटली. त्याच्याकडे राण्यांची जोडी होती, नव्व्यांहून वरचढ.

आम्ही चौघे त्याच्या ढिगात गेलो. पण ताईची सव्वीस बटणे शाबूत राहिली. चारांनी सव्वीस राखली, मित्रांनो. आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

त्या सव्वीसांवर ती तग धरून राहिली. चांगली पाने आली तेव्हा तिने हात आखडला नाही, आणि चहाची वेळ होईतो धाकट्यापुढचे टेबल मोकळे झाले.

"घे बाई, कात्री तुझी," तो म्हणाला. हरल्याचे दुःख त्याच्या चेहऱ्यावर फारसे दिसले नाही.

ताईने चष्मा पुसला. "खडूच्या रेघा मात्र तू आखायच्या. जाड आखायच्या. आणि बाहीवर डावी-उजवी लिहायचं."

"लिहीन. मोठ्या अक्षरात लिहीन."

सोमवारी सकाळी धाकट्याने बोटभर जाड रेघ ओढली आणि ताईची कात्री तिच्यावरून सरळ गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची नजर मंदावली, हात थरथरू लागले, तर त्यांच्या हातातले काम काढून घेऊ नका. रेघ जाड करा. आणि दोरा सैल झालेले बटण दिसले तर आजच दोन टाके घाला.