नऊ नंबरचा नर

बाबांनी आश्विन पौर्णिमेला माझे अकरा नर सोडून दिले. वर्षावास संपला, विहारातून पांढऱ्या कपड्यांतच घरी आले, गच्चीवर गेले आणि दोन्ही जाळ्यांच्या चेनी उघडल्या. पुण्य मिळवायची एवढी घाई, की मला एक हाक मारायलासुद्धा सवड झाली नाही.

"लाल ठिपकेवाल्या ठेवल्या ना मी," ते वर मलाच समजावू लागले. "काळे तं सगळे एकासारखे एक. त्याइचं तुले काय काम? उगाच जीव कोंडून ठेवले होते."

चार वर्षं मी या माणसाला जेवताना, चहा पिताना एकच गोष्ट सांगत आले आहे. कढीपत्त्यावर अंडी घालणारं हे काळं फुलपाखरू. नर सगळे काळेच, पंखावर पांढरा पट्टा. माझ्याकडच्या माद्या मात्र दोन तऱ्हांच्या: काही हुबेहूब नरासारख्या काळ्या, काही लाल ठिपक्यांच्या. लाल रंग आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, पण बापाच्या पंखावर तो कधी दिसत नाही. दिसतो तो लेकींच्या. बाबा दर वेळी "हो का" म्हणतात आणि वरण वाढून घेतात.

माझा सगळा प्रबंध नऊ नंबरच्या नरापाशी अडला होता. त्याची आई लाल, झाडून सगळ्या बहिणी लाल. त्याच्यातही लाल लपलेला असणार, पण ते दाखवायचं तर त्याला काळ्या मादीपासून लेकी व्हायला हव्यात. काळ्या मादीजवळ द्यायला लाल नसतोच. लेकी लाल निघाल्या तर तो रंग बापाचाच. बर्डीच्या बाजारातून मच्छरदाणीचं कापड आणून मी छोटी जाळी शिवली आणि त्यात या दोघांनाच ठेवलं. दोन दिवस समोर स्टूल टाकून बसले. त्यांनी एकमेकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काल प्रमोदिनी मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, सकाळीच विद्यापीठात बोलावलं म्हणून गेले, आणि आज हा प्रकार. थंडीत पैदास मंदावते, फेलोशिप मार्चमध्ये संपते. दुसरा नऊ नंबर मी कुठून आणणार होते?

तणतणत गच्चीवर गेले. बाबाही मागोमाग आले. मोठ्या जाळीत लाल माद्या होत्या. छोट्या जाळीत कढीपत्त्याच्या फांदीवर एक काळं फुलपाखरू बसलं होतं. भिंग लावून नीट पाहिलं, तर ती मादी.

"बाबा, हिले काहून नाही सोडलं? ही बी काळीच आहे ना."

बाबा कुंड्यांना पाणी घालू लागले. "ती बाई आहे."

"तुमाले कसं समजलं?" मला स्वतःला ते भिंग लावून बघावं लागतं.

"समजलं." त्यांनी त्याच कुंडीत पुन्हा पाणी ओतलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "काल जोडी लागली होती?"

"तू युनिव्हर्सिटीत गेली होती तवा."

"आन मले आता सांगून राहिले?"

"बापानं लेकीले असं कसं सांगावं वं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. चार वर्षं मी दुसरं करते तरी काय?

"तुझी माय असती तं तिच्याजवळ सांगितलं असतं," बाबा म्हणाले.

आई जाऊन तीन वर्षं झाली. माझी पाळी, माझा कॉलेजातला मित्र, असलं सगळं घरात तिच्यामार्फतच जायचं-यायचं. बाबांना सगळं ठाऊक असायचं, पण बोलायची ती. मला रडू आलं, आणि रागही गेला नाही.

मी नोंदवही काढली. "किती वाजता?"

"सव्वासातले." त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

"सुटले कधी?"

"साडेआठले."

"म्हणजे सव्वा तास तुम्ही पाहत बसले?"

"पाहिलं नाही. मुंग्या चढून राहिल्या होत्या जाळीवर, त्या झाडत बसलो." मग पाठमोरेच म्हणाले, "त्याच्या लेकी पाहिजे होत्या ना तुले? ते झालं नसतं तं नऊ नंबरले मी सोडलं असतं काय?"