शाफ्टवरचे चरे

ग्राइंडिंग मशीनचं कूलंट गाळायचं काम त्याच्याकडे येऊन नऊ वर्षं झाली होती. शेडमागच्या खोलीत टाकी, पंप आणि तो. मशीनवर घासल्या जाणाऱ्या शाफ्टांना, म्हणजे लोखंडी दांड्यांना, गार ठेवणारं हे दुधाळ पाणी बारीक चुरा घेऊन यायचं, गाळण्याच्या रुंद कागदातून झिरपायचं आणि स्वच्छ होऊन परत जायचं. सगळे त्याला गाळणीवाला म्हणत. घरी हाक मारायला कोणी नव्हतंच; बायको जाऊन चार वर्षं झाली, लेक सासरी, लांब.

पूर्वी कूलंट गढूळ आलं की मशीनवरची बाई तणतणत यायची. "अहो, डोळे काय टाकीत पडले का?" भांडून झालं की बादली पालथी घालून बसायची आणि पाच मिनिटं सुनेच्या कागाळ्या सांगायची. त्या पाच मिनिटांवर त्याचा दिवस निघायचा.

मग चांगल्या प्रतीचा कागद आला. तक्रारी थांबल्या, बाईचं येणंही थांबलं. साहेबांनी पाठ थोपटली. त्यानंतर महिनाभर त्याच्याशी कोणी चकार शब्द बोललं नाही.

एका मंगळवारी कागदाची कड दुमडलेली दिसली; फटीतून चुरा तसाच पाण्यात जात होता. सरळ करायला त्याने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

बाई आली, पण तणतणत नाही. चेहरा पार उतरलेला. "चाळीस शाफ्टांवर चरे पडलेत. साहेब मला म्हणतात, आता माझा हात थरथरतो. उद्यापासून मी पॅकिंगला जायचं."

 हात तसेच ओले ठेवून तो साहेबांकडे गेला.

"बाईंची चूक नाही. कागद दुमडलेला मी पाहिला होता. पाहून सोडला."

"का?"

"कोणी येत नव्हतं," तो म्हणाला. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी लेखी ताकीद दिली. बाई मशीनवर राहिली.

दुपारी ती दारातूनच म्हणाली, "बोलायला माणूस हवं होतं तर हाक मारायची. माझी बावीस वर्षांची अब्रू कशाला पणाला लावलीत?"

"चुकलं माझं."

ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदाच डबा घेऊन शेडमधल्या बाकावर गेला. बाई उठून दुसऱ्या टोकाला बसली. तो मान खाली घालून जेवला. तिसऱ्या दिवशीही गेला. शेजारच्या फिटरने जरा सरकून जागा दिली आणि विचारलं, "नवीन लागलात का इथे?"