तिच्या मागून ओतलेलं पाणी

सकाळचे आठ वाजले की थोरली सून गुडघे टेकायची. दिवाणखान्यातली लाकडी जमीन तिच्याच वाट्याला आली होती. आधी मऊ झाडूने केर काढायचा, कारण वाळूचा एक कण राहिला तरी फळीवर ओरखडा उठतो. मग थेंबही गळणार नाही इतकं फडकं पिळायचं आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसत जायचं. पाठोपाठ कोरडं फडकं. येणाराजाणारा ती जमीन बघून चपला दोन पावलं अलीकडेच काढायचा.

तिचा नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून या घरात एक रीत पडली होती. थोरली पुसून आत गेली की सासूबाई बादली घेऊन यायच्या आणि तिने पुसलेल्या जागेवर पाणी शिंपडायच्या. शिंपडायच्या कसल्या, ओतायच्याच! विधवेचा हात लागलेली जागा म्हणे धुऊन काढावी लागते. तोच हात राबायला मात्र चालत होता हं! थोरली दाराआडून सगळं बघायची आणि गप्प बसायची. माहेरी कुणी उरलं नव्हतं, आणि हे सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी व्हायचं तेच झालं. खिडकीजवळच्या फळ्या फुगून वर आल्या आणि सासरे त्यांना ठेचकाळले.

"वाट लावलीस ना जमिनीची!" सासूबाई कडाडल्या. "बदाबदा पाणी ओतून पुसतेस, कामचुकार मेली! दुरुस्तीवाली येऊन जाऊ दे, मग भर तुझी पिशवी आणि हो चालती."

"आई, मी तर फडकं पिळूनच..."

"तोंड वर करून बोलू नकोस!"

दुपारी फळ्या दुरुस्त करणाऱ्या पॉलिशवाल्या बाई आल्या. त्यांनी फळीवर बोटाने टकटक केलं, सांध्यात पातळ पातं घातलं. पातं ओलं निघालं.

"रोज पाणी मुरतंय इथे," त्या म्हणाल्या. "पुसतं कोण?"

"ही बया!" सासूबाईंनी बोट दाखवलं.

"पुसून दाखवा बरं, ताई."

थोरलीने हातभर जागा पुसली. बाईंनी वर तळवा फिरवला. कोरडाच राहिला.

"या हाताने लाकूड फुगत नाही. वीस वर्षं हेच करतेय मी. पाणी दुसरंच कुणीतरी ओततंय."

सासऱ्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पाच वर्षं हा भला माणूस त्या ओल्या जमिनीवरून पाय उचलून चालत होता! सगळं दिसत होतं त्याला.

दारात उभी असलेली धाकटी जाऊ पुढे आली. "आई ओततात. रोज, ताईंच्या मागून."

"घरातलं बाहेरच्यांसमोर बोलतेस? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. इतके दिवस मीही मुकी राहिले, त्याची वाटते."

"पण पाणी कशासाठी?" पॉलिशवाल्या बाईंना काही कळेना.

सासूबाई पदर सारखा करू लागल्या. मग थोरलीनेच सांगितलं, "माझा नवरा मेला म्हणून."

बाईंनी पातं पुसून पिशवीत टाकलं. "माझ्याकडे सहा बायका कामाला आहेत. वर राहायला खोली आहे. असा हात मला हवाय. येता?"

"आमच्या घरची सून लोकांच्या जमिनी पुसणार?" सासूबाई किंचाळल्या. "लोक शेण घालतील तोंडात!"

"मला काढणारच होतात ना, आई? मग मीच निघते," थोरली म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "फक्त एकदा म्हणा, जमीन मी खराब केली नाही."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. एवढं एक वाक्य, तेसुद्धा जड झालं त्यांना!

पाव तासात थोरली पिशवी घेऊन बाईंबरोबर समोरच्या दाराने बाहेर पडली. तेव्हा कुठे सासऱ्यांनी पेपर खाली केला आणि दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मग उद्यापासून जमीन कोण पुसणार?"

"तुम्ही पुसा, बाबा," धाकटी म्हणाली. "गुडघे अजून चांगले आहेत तुमचे."